टॉम कीफरचा आवाज कुठे गेला होता?

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा पहिल्या रांगेतून एक प्रश्न आलाच, की ‘त्या केसवाल्यांवर’ अख्खं तासाभराचं व्याख्यान कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्याला ग्लॅम मेटल म्हणतात, आणि नंतरच्या लोकांनी थट्टेने ‘हेअर मेटल’ असं नाव दिलं, त्या संगीताबद्दल आपल्याकडेच काय, अमेरिकेतही फार गांभीर्याने बोललं जात नाही. स्प्रेने ताठ केलेले केस, डोळ्यांत काजळ, घट्ट चामडी विजारी, आणि गाणी बहुतेक पार्टीची नाहीतर प्रेमभंगाची. थट्टा व्हावी असं त्यात पुष्कळ होतं, ते मी नाकारत नाही.

पण त्यातल्या एका गायकाची कारकीर्द मला गेली काही वर्षं सोडत नाहीये. टॉम कीफर. बँडचं नाव सिंड्रेला. त्याच्याबद्दल दोन गोष्टी सगळीकडे सांगितल्या जातात. एक, 1991 साली निर्वाणा आली आणि या सगळ्यांचं दुकान बंद झालं, त्यात हाही गेला. दुसरी, हा किंचाळून किंचाळून गायचा, त्यामुळे त्याचा घसा गेला. दोन्ही गोष्टी ऐकायला पटतात. माझं म्हणणं असं आहे की पहिली अर्धी खरी आहे आणि दुसरी चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे समजून घेतलं की गाणाऱ्याच्या गळ्याबद्दल आपल्याला काहीतरी नवीन कळतं. तर सुरुवात करू.

कीफरचा जन्म 26 जानेवारी 1961 चा, स्प्रिंगफील्डचा. स्प्रिंगफील्ड नावाची गावं अमेरिकेत ढिगाने आहेत. हे पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं, फिलाडेल्फिया शहराला लागून असलेलं उपनगर. हा तपशील मी मुद्दाम सांगतोय. ग्लॅम मेटलचं माहेर लॉस एंजेलिस. तिथल्या सनसेट स्ट्रिप नावाच्या रस्त्यावर व्हिस्की ए गो गो, रॉक्सी असे क्लब होते, आणि मॉट्ली क्रू, रॅट वगैरे मंडळी तिथेच वाढली. बाहेरगावचे बँडही नशीब काढायला तिथे जायचे. पॉयझन हा बँड तर कीफरच्याच राज्यातला, पण त्यांनी गाडीत सामान भरलं आणि लॉस एंजेलिस गाठलं. सिंड्रेला मात्र फिलाडेल्फियाच्या आसपासच वाजवत राहिले. कीफर आणि बास वाजवणारा एरिक ब्रिटिंगहॅम यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बँड जमवला. सुरुवातीचे दोन साथीदार सोडून गेले आणि त्यांनी ब्रिट्नी फॉक्स नावाचा दुसरा बँड काढला. मग जेफ लाबार हा गिटारवादक आला.

पुढचा प्रसंग सिनेमात शोभावा असा आहे. फिलाडेल्फियात एम्पायर रॉक क्लब नावाची जागा होती. तिथे एका रात्री जॉन बॉन जोव्ही आला. तो त्या वेळी स्वतःच चढता तारा, अजून अगदी वर पोचलेला नव्हता. त्याने सिंड्रेला ऐकले आणि आपल्या रेकॉर्ड कंपनीतल्या डेरेक शुलमनला सांगितलं की यांना घ्या. हा शुलमन म्हणजे जेंटल जायंट या अवघड, गणिती वळणाच्या इंग्लिश बँडचा जुना गायक. ज्याने आयुष्यभर विषम ताल गायले त्याने असल्या झगमगीत पोरांना करार द्यावा, ही मला गंमत वाटते. असो.

1986 च्या ऑगस्टमध्ये ‘नाइट साँग्ज’ हा पहिला अल्बम आला. निर्माता अँडी जॉन्स, ज्याने लेड झेपेलिन आणि रोलिंग स्टोन्सचं ध्वनिमुद्रण केलं होतं. अल्बम बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या पुढे 30 लाख प्रती गेल्या. ‘नोबडीज फूल’ हे त्यातलं मंद चालीचं गाणं तेराव्या क्रमांकावर पोचलं.

आता हे झालं कसं? एमटीव्हीमुळे. 1 ऑगस्ट 1981 ला ही वाहिनी सुरू झाली आणि गाणं ही चोवीस तास पाहायची वस्तू झाली. ज्यांच्याकडे पाहण्यासारखं काही होतं त्यांना मागणी आली. सिंड्रेलाच्या पहिल्या व्हिडिओत तर परीकथाच होती: गरीब मुलगी, दोन दुष्ट सावत्र बहिणी, आणि राजवाड्यातल्या नाचाऐवजी रॉकची मैफल. नावाचा पुरेपूर वापर. आणि कव्हरवर चार पोरं, केस असे की ओळखू येऊ नयेत.

पण डोळे मिटून ऐकलं तर? इथे मी तुम्हाला एक करून बघायला सांगेन. त्या काळातले पाच बँड एकापाठोपाठ लावा. चार गायक साधारण एकाच जातीचे वाटतील: उंच, चमकदार, गुळगुळीत. पाचवा वेगळा निघेल. कीफरचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो. आपल्याकडे ‘आवाज फाटला’ म्हणजे दोष. इथे तो तसाच्या तसा, टिपेच्या सुरावर, सुरात राहून फाटतो. त्याच्याकडे दोन आवाज आहेत. एक खालचा, जवळजवळ बोलल्यासारखा, भारदस्त. दुसरा वरचा, खरवडलेला. ‘नोबडीज फूल’मध्ये कडव्यात खालचा आहे आणि ध्रुवपदाला तो उडी मारून वरच्यात जातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं गायक बदलला. मला त्या वरच्या आवाजात जॅनिस जॉप्लिन ऐकू येते. हे माझं कान सांगतो, पुरावा मागू नका.

दोन वर्षांनी, 1988 ला, ‘लाँग कोल्ड विंटर’ आला आणि हा माणूस कुठून आलाय ते उघड झालं. अल्बमची सुरुवातच स्लाइड गिटारच्या जुन्या ब्लूजने होते. गाण्याच्या नावातली ‘बॅड सीमस्ट्रेस’ म्हणजे वाईट शिवणारी बाई. सिंड्रेलाच्या गोष्टीवरच केलेला विनोद. स्टोन्स, झेपेलिन, एरोस्मिथ ऐकत वाढलेला हा मुलगा त्यांच्या मागे, म्हणजे काळ्या लोकांच्या ब्लूजपर्यंत चालत गेला होता. हाही अल्बम अमेरिकेत 30 लाखांच्या पार गेला. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं, ‘डोन्ट नो व्हॉट यू गॉट, टिल इट्स गॉन’, बाराव्या क्रमांकावर गेलं. नावाचा अर्थ साधारण असा, की हातात काय होतं ते गेल्याशिवाय कळत नाही. हे शीर्षक लक्षात ठेवा, त्याच्याशी पुढे गाठ आहे.

या मधल्या काळातलं बाकीचं भराभर सांगतो. बॉन जोव्हीसोबत मोठमोठ्या मैदानांत दौरे. 1989 च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर दोन दिवसांचा शांतता महोत्सव, जिथे ओझी ऑझबर्न, स्कॉर्पियन्स, मॉट्ली क्रू, स्किड रो यांच्यासोबत सिंड्रेलाही होते. सोव्हिएत संघ अजून उभा होता, हे विसरू नका. मग 1990 च्या नोव्हेंबरात ‘हार्टब्रेक स्टेशन’. यात पियानो, ब्रास, बायकांचा कोरस, आणि शीर्षकगीतासाठी तंतुवाद्यांची मांडणी केली ती लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने. कव्हरवरचे केस तोपर्यंत बरेच खाली बसले होते. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत चांगला अल्बम. खप मात्र उतरला: यादीत एकोणिसावा, प्रती 10 लाखांच्या वर. म्हणजे पहिल्याच्या एक तृतीयांश. आणि हे लक्षात घ्या की निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ 24 सप्टेंबर 1991 ला आला. उतार त्याच्या आधीच लागलेला होता. एकाच छापाचे इतके बँड बाजारात आले होते की ऐकणारे कंटाळले. हा कंटाळा सिअ‍ॅटलवाल्यांनी निर्माण केला नाही, तो त्यांना आयता मिळाला.

बरं. आता 1991.

‘हार्टब्रेक स्टेशन’च्या दौऱ्यानंतर कीफरच्या आवाजाला काहीतरी झालं. घसा बसला असेल म्हणून वाट पाहिली. आपण सगळे तेच करतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमध, दोन दिवस मौन, आणि चौथ्या दिवशी आवाज परत. त्याचा आला नाही. सूर धरायला गेलं की तो निसटायचा. शेवटी निदान झालं: डाव्या स्वरतंतूची पॅरेसिस. पॅरेसिस म्हणजे अर्धवट पक्षाघात. पूर्ण लुळा नाही, पण जोर गेलेला. त्याने स्वतः अनेक मुलाखतींमध्ये सांगितलंय की, तू आता पुन्हा गाऊ शकणार नाहीस, असं त्याला सांगण्यात आलं. तेव्हा तो तिशीत नुकता शिरला होता.

इथे थोडं शरीरशास्त्र. मी डॉक्टर नाही, तेव्हा जेवढं गाण्याला लागतं तेवढंच. स्वरतंतू म्हणतो आपण, पण ते तारांसारखे नसतात. श्वासनलिकेच्या तोंडाशी, कंठमण्याच्या मागे, स्नायूंच्या दोन घड्या असतात, वरून ओल्या पातळ आवरणाच्या. श्वास घेताना त्या उघडतात, बोलताना-गाताना जवळ येतात. खालून हवा येते आणि त्या एकमेकींवर आपटतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला शंभरेक वेळा, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. पाश्चात्त्य गायक ज्याला ‘हाय सी’ म्हणतात त्या सुरावर ही संख्या 500 च्या वर जाते. एका सेकंदात पाचशे टाळ्या! आणि टाळी एका हाताने वाजत नाही. डावी घडी ढिली पडली तर उजवीला जाऊन भिडायला कोणी नाही. मधून हवा निसटते. आवाज पोकळ येतो, अचानक घसरतो, वरचा सूर मध्येच तुटतो.

ही घडी ढिली का पडते? कारण तिला हुकूम देणारा मज्जातंतू दुखावलेला असतो. हा मज्जातंतू मोठा विचित्र आहे. मेंदूकडून येणाऱ्या मुख्य फांदीतून तो निघतो, पण सरळ गळ्यात शिरत नाही. डाव्या बाजूचा खाली छातीत उतरतो, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घालतो, आणि मग परत वर चढून स्वरयंत्राशी येतो. पुण्याहून मुंबईला जायचं आणि वाटेत कोल्हापूरला वळसा, तसला प्रकार. उजव्या बाजूचाही वळतो, पण वरच्यावर. जिराफात हाच वळसा काही मीटरचा होतो. डावा लांब असल्यामुळे त्याला इजा होण्याची शक्यताही जास्त. थायरॉइडच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेत धक्का लागतो, एखाद्या गाठीचा दाब येतो, विषाणूचा संसर्ग होतो, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही.

आता मघाचा मुद्दा. या यादीत ‘ओरडणं’ कुठेय? नाही. ओरडण्याने स्वरतंतूंच्या आवरणाला इजा होते: गाठी येतात, सूज येते, केशवाहिनी फुटून रक्त साकळतं. शाळेतल्या बाईंना, भाजीवाल्यांना, कीर्तनकारांना जे होतं ते हे. हुकूम देणारी तार त्याने लुळी पडत नाही. म्हणून ‘किंचाळला म्हणून गेला’ हे चुकीचं आहे. घर पडलं ते भिंतीला तडा गेला म्हणून नव्हे. वीजच तुटली होती.

(श्रोत्यांमधून: पण मग त्याच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या ना? त्या कशाच्या?)

चांगलं विचारलंत, तिथेच येत होतो. झाल्या, एक नाही, बऱ्याच झाल्या. पण त्या मज्जातंतूच्या नव्हत्या. एक घडी दुबळी झाली की गाणारा माणूस नकळत काय करतो? बाकीचं सगळं आवळतो. मान, जबडा, स्वरयंत्राच्या भोवतालचे स्नायू. लंगडणारा माणूस चांगल्या पायावर सगळा भार टाकतो आणि काही महिन्यांनी त्याचा चांगला गुडघा दुखायला लागतो, तसंच. या जास्तीच्या जोराने आवरणाला इजा होते. पुटी होते, रक्तस्राव होतो. कीफरच्या शस्त्रक्रिया झाल्या त्या या दुय्यम नुकसानीच्या. म्हणजे दुष्टचक्र असं: दुबळेपणा झाकायला जोर, जोरामुळे इजा, इजेमुळे शस्त्रक्रिया, त्यानंतर सक्तीचं मौन, मग पुन्हा शून्यातून सुरुवात. हे एकदा झालं नाही. 2008 साली सिंड्रेलाचा उन्हाळी दौरा ठरला होता, आणि तो पुन्हा स्वरतंतूतल्या रक्तस्रावामुळे रद्द करावा लागला. पहिल्या दुखण्यानंतर सतरा वर्षांनी!

तेव्हा 1991 नंतर काय झालं ते आता या प्रकाशात पाहू. बँड दर दोन वर्षांनी अल्बम काढत होता: 86, 88, 90. हिशेबाने पुढचा 92 ला यायला हवा. तो आला 1994 च्या नोव्हेंबरात. नाव ‘स्टिल क्लाइंबिंग’, अजून चढतोय. मधल्या काळात ड्रमर फ्रेड कूरी दुसरीकडे गेला होता. अल्बम बिलबोर्डच्या यादीत 178 व्या क्रमांकावर पोचला, आणि तिथूनच उतरला. तिसऱ्यावरून एकशे अठ्ठ्याहत्तरावर यायला आठ वर्षं. पुढे कंपनीने करार संपवला.

यात निर्वाणाचा वाटा नाही का? आहे. रेडिओने या मंडळींना लावणं बंद केलं, एमटीव्हीने तोंड फिरवलं. आवाज शाबूत असता तरी कीफरला ते दिवस जड गेले असते, त्याच्या बरोबरीच्या बहुतेकांना गेलेच. पण फरक पाहा. फॅशन गेली तर गाणारा छोट्या हॉलमध्ये गातो, दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डवर गातो, घरी गातो. कीफरपुढे तो पर्यायच नव्हता. बाजार बंद झाला त्याच सुमारास त्याचं वाद्यही हातातून गेलं, आणि बाहेरून बघणाऱ्यांना फक्त बाजार दिसला. म्हणून मी म्हणालो, अर्धं खरं. तो शब्दाने कधी गिटार, पियानो, सॅक्सोफोन वाजवणारा माणूस. निव्वळ वादक म्हणून त्याचं पोट भरलं असतं. त्याने ते केलं नाही.

त्याने काय केलं, ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं. त्याला सांगण्यात आलं होतं की या दुखण्यावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. आवाजाचं प्रशिक्षण घेतलं तर थोडीफार आशा. गंमत अशी की तोवर तो गाणं शिकलेलाच नव्हता. लाखो प्रती विकल्या गेलेला गायक, आणि सरगम कधी घोटली नाही. रॉकमध्ये हे सर्रास असतं. बारमध्ये रात्री चार-चार तास गायचं, जमलं ते तंत्र. आता तिशीनंतर तो वाचा-उपचार करणाऱ्यांकडे आणि एकामागून एक शिक्षकांकडे गेला, आणि श्वासापासून सुरुवात केली. ज्या घडीला पूर्वी हुकूम आपोआप पोचत होता, तिच्याकडून आता पुन्हा पुन्हा मागून काम करून घ्यायचं. उरलेल्या मज्जातंतूला कवायत शिकवायची. रोज. आजारी असलं तरी, दौऱ्यावर बसमध्ये असलं तरी. कार्यक्रमाच्या आधी लांबलचक रियाज करून मगच मंचावर जायचं, हा त्याचा नेम झाला. आणि एक दिवस सोडला की दुसऱ्या दिवशी गळा आठवण करून देतो.

(श्रोत्यांमधून: किशोरीताईंचाही आवाज गेला होता.)

हो, तुम्ही म्हणता ते मलाही सारखं आठवत होतं. किशोरी आमोणकरांचा आवाज तरुणपणी काही काळ गेला होता आणि त्या परत गायला लागल्या, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दुखणी वेगळी, संगीत तर पूर्ण वेगळं, त्यामुळे ओढून-ताणून साम्य काढणार नाही. एवढंच, की आपल्याकडे रियाजाची एक चौकट आधीपासून असते. गळा रुसला तरी कुठे परतायचं ते ठाऊक असतं. कीफरला ती चौकट आधी बांधावी लागली, मग तिच्यात राहायला जावं लागलं.

आता एक तांत्रिक शंका तुमच्या मनात आली असेल. शिकून, नीट श्वास घेऊन गायला लागल्यावर तो खरवडलेला आवाज कसा शिल्लक राहिला? तो तर घसा खराब करूनच येतो ना? तसं नाही. मघाच्या दोन घड्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. कुशल गायक खालच्या खऱ्या घड्यांनी सूर स्वच्छ धरतो आणि वरच्या भागात थोडी घरघर मिसळतो. फोडणी वरून घालतात तशी. खालचं वरण नीट शिजलेलं असलं की झालं. ज्याला हे जमत नाही तो खालच्याच घड्या एकमेकींवर घासतो, आणि त्या सोलवटतात. म्हणजे हा ‘फाटका’ आवाज टिकवायला स्वच्छ आवाजापेक्षा जास्त शिस्त लागते. ब्लूज गाणाऱ्या, गॉस्पेल गाणाऱ्या कितीतरी बायका म्हातारपणापर्यंत अशा गायल्या. आपल्या तमाशातल्या, गोंधळातल्या गळ्यांचा असा अभ्यास कोणी केला तर मला वाचायला आवडेल.

पुढची हकीकत मोठी आहे, पण तिच्यात चढउतार तेच आहेत. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंड्रेला पुन्हा एकत्र आले. एका मोठ्या कंपनीबरोबर नवा करार झाला, पण अल्बम निघालाच नाही, भांडण वकिलांपर्यंत गेलं. त्यानंतर बँडने नवं काही रेकॉर्ड केलं नाही. दौरे मात्र केले, 2006 साली पॉयझनबरोबर, दोघांच्याही पहिल्या अल्बमला वीस वर्षं झाली म्हणून. कीफर मधल्या काळात नॅशव्हिलला राहायला गेला होता. ते गाणी लिहिणाऱ्यांचं गाव. तिथे त्याने बायकोबरोबर आपला अल्बम करायला घेतला 2003 च्या सुमारास, आणि तो लोकांसमोर आला 30 एप्रिल 2013 ला. नाव ‘द वे लाइफ गोज’. दहा वर्षं! कुठल्याही कंपनीच्या पैशाशिवाय, आवाज साथ देईल त्या दिवशी गायचं, नाही दिली तर गिटार वाजवायची. ऐकताना हे शिवण दिसत नाही. 2019 ला ‘राइज’ आला, नव्या बँडबरोबर. सिंड्रेला मात्र संपले होते. गिटारवादक जेफ लाबार 14 जुलै 2021 ला गेला. त्यांच्या दौऱ्यांवर कीबोर्ड वाजवणारा गॅरी कॉर्बेटही त्याच दिवशी गेला.

(श्रोत्यांमधून: मला हे संगीत अजिबात माहीत नाही. ऐकायचं तर कुठून सुरुवात करू?)

पहिला अल्बम आधी घेऊ नका, कव्हर बघूनच परत ठेवाल. ‘लाँग कोल्ड विंटर’ घ्या, शीर्षकगीत ऐका. संथ ब्लूज आहे, घाई करू नका. ते आवडलं तर ‘हार्टब्रेक स्टेशन’. आणि मग एक काम करा. ‘नोबडीज फूल’ हे गाणं 1986 चं ऐका, पंचविशीतल्या पोराने गायलेलं. त्यानंतर 2017 चं ऐका. ‘द वे लाइफ गोज’ची वाढीव आवृत्ती निघाली तेव्हा त्याने ते लिझी हेल या पुढच्या पिढीतल्या गायिकेबरोबर पुन्हा रेकॉर्ड केलं. दोन्ही हेडफोन लावून, लागोपाठ. कडव्यातून ध्रुवपदाला जाताना ती उडी आहे ना, खालच्या आवाजातून वरच्यात, तिथे कान द्या. पहिल्यात तो न बघता उडी मारतो. दुसऱ्यात तो उडी मारायच्या आधी श्वास घेतो.